खुनी नंतर, आधी मयताचं नाव

सांगलीच्या एका दैनिकात छोट्या जाहिरातींच्या काउंटरवर मी सव्वीस वर्षं बसले. भाड्याने देणे, नावात बदल, गहाळ झाले आहे, आणि अधूनमधून ‘बेपत्ता’. बेपत्ताच्या जाहिरातीला घरचे लोक वहीच्या पानावर मजकूर लिहून आणायचे, सोबत एक पासपोर्ट फोटो. पैसे शब्दावर. जतकडचा एक म्हातारा होता, मुलगा घरातून निघून गेलेला. मी शब्द मोजले, आकडा सांगितला. त्यानं टोपी काढून तिच्यातल्या नोटा मोजल्या आणि कागदावर बोट ठेवलं. “बाई, एवढं खोडा की.” बोट होतं ‘डाव्या कानाची पाळी फाटलेली’ या चार शब्दांवर. ‘रंग सावळा, बांधा मध्यम’ त्यानं राहू दिलं. मी खोडलं. जाहिरात आली, फोन कुणाचाच आला नाही.

सावळ्या रंगाची, मध्यम बांध्याची माणसं जतच्या एका एसटीत वीस सापडतील. फाटक्या पाळीचा एखादाच. बेपत्ता माणसांची वर्णनं अनोळखी मयतांशी ताडून बघायचा हा नाद मी लावून घेतला तो त्या दिवसापासून, आणि निवृत्तीनंतर तर पूर्णवेळच झाला.

हल्ली भाचीची मुलं खुनाच्या गोष्टी कानात घालून भांडी घासतात आणि मला विचारतात, “मावशीआजी, आपण एखादी केस सोडवू या का?” त्यांना खुनी हवा असतो. मी त्यांना दोनशे पानी आडवी वही आणायला सांगते. घरबसल्या माणसाच्या हाती खुनी लागत नाही. लागलं तर एखाद्या बेवारस मयताचं नाव लागतं, आणि नाव लागल्याशिवाय खुनाच्या तपासाला तरी सुरुवात कुठून होणार?

वही अशी करायची. डाव्या पानावर ‘मिसिंग’, उजव्या पानावर ‘अनोळखी मयत’. दोन्हीकडे रकाने तेच: तारीख, ठिकाण, पोलीस ठाणे, नोंदीचा नंबर, वय, उंची, दात, गोंदण, व्रण, कपडे, दागिने. नंबराचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. बेपत्ता माणसाची नोंद ‘मिसिंग’ रजिस्टरला होते, बेवारस प्रेताची ‘अकस्मात मृत्यू’ला. अकस्मात मृत्यूच्या जुन्या कागदांवर फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ दिसेल, १ जुलै २०२४ नंतरच्या कागदांवर नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं १९४. गुन्हा दाखल झाला असेल तर गु.र.नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, असतो. आकडा, तिरपी रेघ, साल आणि ठाण्याचं नाव एवढं हातात असेल तर हवालदार फाईल काढतो. नसेल तर तो तुमच्याकडे बघतो, आणि तुम्ही त्याच्याकडे.

माझ्या पहिल्या दोन वह्या ऑगस्ट २०१९ च्या पुरात गेल्या. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर चढलं होतं आणि वह्या तळमजल्यावरच्या कपाटात होत्या. तेव्हापासून प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढते आणि तो भाचीला पाठवते. तिला ते भयंकर वाटतं. वाटू दे.

वर्णन कसं वाचायचं

पोलिसी वर्णनाचा साचा ठरलेला: “अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४० ते ४५ वर्षे, उंची ५ फूट ५ इंच, बांधा मध्यम, रंग सावळा, चेहरा गोल, नाक बसके, केस काळे-पांढरे, दाढी वाढलेली, अंगात चौकडीचा फुल बाह्यांचा शर्ट, काळी पँट.” यातल्या निम्म्या शब्दांवर काट मारायला शिका.

रंग पहिला काढून टाका. प्रेत कुजू लागलं की काळं पडतं, गोरा माणूसही ‘काळा-सावळा’ लिहिला जातो. चेहरा आणि नाकाचंही तेच, फुगलेला प्रत्येक चेहरा गोलच दिसतो. केस आणि दाढी चालतील, पण दाढी किती दिवसांची हे मिसिंगच्या तारखेशी ताडून बघा. गुळगुळीत दाढी करून गेलेला माणूस पाच दिवसांनी सापडला तर त्या पाच दिवसांपैकी तो किती दिवस जिवंत होता, याचा थोडा अंदाज त्या दाढीवरून येतो.

वयाचं ‘अंदाजे’ फार गांभीर्यानं घ्यायचं नाही. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात मे १९६८ मध्ये जॉर्जटाऊन गावाजवळ रस्त्याकडेला एका मुलीचं प्रेत सापडलं, तंबूसारख्या कापडात गुंडाळलेलं. विहिरी खणणाऱ्या एका माणसाला ते दिसलं. पोलिसांनी वय धरलं सोळा ते एकोणीस. लोक तिला ‘तंबूतली मुलगी’ म्हणू लागले आणि तीस वर्षं तिला दुसरं नाव मिळालं नाही. त्या विहीरवाल्याचा जावई टॉड मॅथ्यूज टेनेसीतल्या कारखान्यात काम करायचा. सासऱ्याकडून ही हकीकत ऐकल्यापासून त्याला चैन नव्हतं. इंटरनेट आल्यावर तो रात्र-रात्र बेपत्तांच्या याद्या वाचायचा. १९९८ मध्ये त्याला एका बाईचा मजकूर दिसला: माझी बहीण १९६७ च्या अखेरीपासून लेक्सिंग्टनमधून बेपत्ता आहे. बहिणीचं वय होतं चोवीस. ‘सोळा ते एकोणीस’ला धरून बसला असता तर त्यानं ते पान उलटलं असतं. डीएनए जुळला, बार्बरा ॲन हॅकमन टेलर हे नाव मिळालं. खुनी कोण, हे कोर्टात कधीच सिद्ध झालं नाही. पण नाव मिळालं. माझ्या मते या नादात त्याच्याइतकं कुणी कमावलेलं नाही. म्हणून मी वयाला दोन्ही बाजूंनी दहा-दहा वर्षं सूट देते.

आता जपायच्या गोष्टी. कपड्यात सगळ्यात मोलाचा ऐवज म्हणजे कॉलरच्या आतलं टेलरचं लेबल. त्यावर दुकानाचं नाव असतं, बरेचदा गावही. तयार कपड्यांमुळे ती लेबलं कमी होत चालली आहेत, पण पन्नाशीपुढचा खेड्यातला पुरुष अजूनही शिवून घेतो. पंचनाम्यात ‘कॉलरला लेबल’ एवढंच लिहिलं असेल तर लेबलवर काय आहे हे विचारायचं, लाजायचं नाही. बाईच्या बाबतीत साडीच्या रंगावर विसंबू नका. चार दिवस पाण्यात राहिलेली साडी वेगळीच दिसते आणि ‘मोरपंखी’ला एक माणूस हिरवा म्हणतो, दुसरा निळा. जोडव्यांची संख्या, मंगळसूत्राच्या वाट्या, बांगड्या काचेच्या की बेंटेक्सच्या, हे लिहा. ऑपरेशनचे व्रण तर लिहाच: अपेंडिक्स, हर्निया, सिझेरियन. पायात रॉड किंवा प्लेट असेल तर तिच्यावर बनवणाऱ्याचा नंबर असतो आणि त्यावरून दवाखान्यापर्यंत जाता येतं. ते काम पोलिसांचं, पण ‘रॉड आहे’ हे घरच्यांनी सांगितलंय याची आठवण त्यांना करून देणं आपलं.

आणि गोंदण. गोंदणावर मी एक अख्खी वही भरली आहे. लिहिणाऱ्यानं काय वाचलं यावर सगळं अवलंबून असतं, त्याचा किस्सा पुढे येईल.

नदी आणि रूळ

नकाशा घेऊन बसल्याशिवाय हे काम होत नाही. आमच्याकडे कृष्णा. कऱ्हाडला कोयना मिळते, हरिपूरला वारणा, नरसोबावाडीला पंचगंगा, मग राजापूरचा बंधारा आणि पुढे कर्नाटक. साताऱ्यात नदीत पडलेला माणूस सांगलीत सापडू शकतो, सांगलीतला रायबाग-चिक्कोडीकडे. बंधारे ही थांबण्याची ठिकाणं. दारं टाकलेली असतात तेव्हा प्रेत तिथे अडकतं, पावसाळ्यात सरळ पुढे जातं. बुडालेलं शरीर आधी तळाला जातं, आत वायू धरला की वर येतं. उन्हाळ्यात एक-दोन दिवसांत, थंडीत जास्त. म्हणजे डाव्या पानावर सांगलीची तारीख असेल तर उजव्या पानासाठी पुढचे आठ-दहा दिवस आणि खालच्या अंगाची सगळी ठाणी बघायची, राज्याची हद्द ओलांडून. दोन राज्यांच्या पोलिसांची कागदपत्रं दोन भाषांत असतात, आणि बेवारस प्रेतं सगळ्यात जास्त हरवतात ती याच फटीत, हे मी अनुभवानं सांगते.

दुसरी नदी म्हणजे रेल्वे. मिरजेहून पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर अशा चारी दिशांना गाड्या जातात. रुळांवरचा मृत्यू बहुधा लोहमार्ग पोलिसांकडे जातो, त्यामुळे गावच्या ठाण्यात चौकशी करून ‘इथे काही नाही’ ऐकून परत येणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. आषाढीनंतरचे पंधरा दिवस तर काउंटरवर रांग असायची. वारीला गेलेली आई परत आली नाही, वडिलांना हल्ली विसरायला होतं. अशा वेळी माणूस जिवंत असण्याचीच शक्यता जास्त, म्हणून प्रेतांच्या याद्यांआधी सरकारी दवाखाने, वृद्धाश्रम, बेघर निवारे यांना फोन करायचे.

माहिती मिळवायची कुठून? महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृतदेह दोन्ही दिसतात. तिथेच एफआयआरही असतात, कारण सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर संकेतस्थळावर टाका असं सांगितलं. दिल्ली आणि आसपासच्या राज्यांसाठी झिपनेट हे तिकडच्या पोलिसांचं तसंच संकेतस्थळ आहे. आपली माणसं कामाला तिकडेही जातात, तेव्हा तेही बघायचं. स्थानिक पेपरातल्या आतल्या पानावरच्या चार ओळी मात्र अजूनही सगळ्यांत उपयोगी. जुन्या नोंदींसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. “तपासाची माहिती द्या” असं लिहिलंत तर कलम ८(१)(ज) दाखवून नकार येईल. “अमुक साली अनोळखी म्हणून नोंद झालेल्या अकस्मात मृत्यूंचे क्रमांक, तारीख, ठिकाण आणि ओळख पटली किंवा नाही” एवढंच विचारा. मला अशा अर्जांना बहुतेक वेळा उत्तर आलंय. एकदा तर स्वतः साहेबांनी चहाला बोलावून विचारलं, तुम्हाला हे कशाला हवं?

घरातलं माणूस गेलेलं असेल तर एक गोष्ट इथेच सांगते, कारण अजून लोक फसतात: चोवीस तास थांबायचा कुठलाही नियम नाही. आणि अठरा वर्षांखालचं मूल असेल तर नुसती मिसिंग नव्हे, गुन्हाच दाखल व्हायला हवा. सर्वोच्च न्यायालयानं मे २०१३ मध्येच तसं बजावलंय.

‘स्वतःहून गेला’ हे कुणी सांगितलं?

मिसिंगच्या नोंदीत ‘रागाच्या भरात निघून गेला’ किंवा ‘चिठ्ठी लिहून गेला’ असं असलं की सगळे सैल पडतात. मी मिरजेत शाळेत होते तेव्हाची गोष्ट. १६ जानेवारी १९७६ च्या सुमारास पुण्यात प्रकाश हेगडे हा कॉलेजचा विद्यार्थी गायब झाला. त्याच्याच हस्ताक्षरातली चिठ्ठी होती, मी घर सोडून जातोय. मागोमाग वडिलांना खंडणीचं पत्र आलं. प्रत्यक्षात ती चिठ्ठी त्याच्याकडून जबरदस्तीनं लिहून घेतली होती आणि त्याचं प्रेत पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात बुडवलं होतं. लिहून घेणारे त्याच्याच कॉलेजचे, जक्कल, सुतार वगैरे. पुढे त्याच टोळीनं ऑक्टोबरात जोशी कुटुंबाला घरात घुसून मारलं, १ डिसेंबरला अभ्यंकर कुटुंबाला. पुण्याच्या आत्याची पत्रं यायची, सातनंतर दार उघडत नाही म्हणून. मार्च १९७७ मध्ये त्यांनीच मारलेल्या अनिल गोखलेचं प्रेत नदीत सापडलं, लोखंडी शिडीला बांधलेलं, आणि तिथून धागा उलटा जात-जात हेगडेपर्यंत पोचला. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली.

तेव्हा माझ्या वहीत एक बारीक रकाना आहे: ‘कुणी सांगितलं’. निघून गेला हे बायकोनं सांगितलं, मित्रानं, की चिठ्ठीनं? आणि पहिल्यांदा केव्हा सांगितलं? नोंदीची तारीख आणि शेवटचं पाहिल्याची तारीख यांत बारा दिवसांचं अंतर असेल तर त्या बारा दिवसांभोवती मी पेन्सिलनं गोल करते. पेन्सिलनंच. अंतराची कारणं साधीही असतात, भीती, अब्रू, कापणीचे दिवस.

न उलगडलेला खून वाचायचाच असेल तर बातम्यांवरून वाचू नका. खटला होऊन आरोपी सुटले असतील तर ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावरून निकालपत्र काढा. साक्षीदार पोलिसांसमोर काय बोलला, कोर्टात काय बोलला आणि न्यायाधीशांना त्यातलं काय पटलं नाही, हे एकाच ठिकाणी मिळतं. खटलाच झाला नसेल तर बहुधा ‘अ समरी’ झालेली असते, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागत नाही. नवा पुरावा आला तर ती फाईल परत उघडते. तुमचा अंदाज हा पुरावा नव्हे. २०१३ मध्ये बोस्टनच्या स्फोटांनंतर हौशी लोकांनी फोटो ताडून एका बेपत्ता, भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याला आरोपी ठरवलं. त्याच्या घरच्यांना फोनवर फोन गेले. काही दिवसांनी त्या मुलाचं प्रेत नदीत सापडलं, तो स्फोटाच्या आधीच वारलेला होता. त्याच्या आईनं ते दिवस कसे काढले असतील, याचा विचार न करता जो माणूस नावं घेतो, त्याला मी माझी वही दाखवत नाही.

माझी चूक

मीही केलीय. २०११ मध्ये रुळांजवळ एक बाई सापडली होती. वय जुळत होतं, हिरवी साडी जुळत होती, उजव्या हातावर तुळस गोंदलेली, तीही जुळत होती. आनंदाच्या भरात मी जाहिरातीतल्या नंबरवर थेट फोन लावला. आई आणि भाऊ रात्रभर टेम्पोनं प्रवास करून दुसऱ्या जिल्ह्यातल्या शवागारात पोचले. ती त्यांची नव्हती. प्रेताच्या पोटावर ऑपरेशनचा व्रण होता, त्यांच्या मुलीचं कधी ऑपरेशनच झालं नव्हतं. व्रणाचा उल्लेख बातमीत होता. मी तुळस बघून पुढे वाचलंच नव्हतं. त्या आईनं पुढे वर्षभर दर सोमवारी मला फोन केला, “बाई, काय कळलं का?” आपल्या गावच्या ठाण्यात विचारण्यापेक्षा तिला मला विचारणं सोपं वाटायचं.

तेव्हापासून दोन नियम. जुळणाऱ्या तीन गोष्टी सापडल्या की न जुळणारी एक शोधायची, निदान एक दिवस. आणि घरच्यांना फोन कधीही करायचा नाही. काय सांगायचं ते दोन्ही ठाण्यांना, लेखी.

गोंदणाचा किस्सा राहिला. २०१६ मध्ये मिरजेजवळ सापडलेल्या एका पुरुषाच्या वर्णनात होतं, ‘उजव्या कोपराखाली नक्षीकाम गोंदलेले’. मी डाव्या पानांवर नक्षी शोधत राहिले. महिनाभरानं ठाण्याच्या फलकावर त्याचा फोटो पाहिला, हाताचा, धूसर. माझं माहेर कर्नाटकातल्या अथणीचं. ती नक्षी नव्हती, ‘अव्वा’ लिहिलेलं होतं, कन्नड लिपीत. पंचनामा लिहिणाऱ्याला कन्नड येत नव्हतं, त्यानं जे दिसलं ते लिहिलं. मग महाराष्ट्राच्या याद्या बाजूला सारून बेळगाव जिल्ह्याच्या बघितल्या. रायबागकडचा एक माणूस मिरजेच्या दवाखान्यात दाखवायला आला होता आणि घरी पोचला नव्हता. आमच्याकडे तिकडून रोज शेकड्यानं लोक येतात, त्यातला एक. नोंदीत गोंदण होतंच, पण ‘हातावर आईचे नाव’ असं. अव्वा म्हणजे आई.

तोवर दफन झालं होतं. कपडे आणि मनगटातला लाल दोरा मुद्देमालात होता, मुलानं तो ओळखला. हवालदारांचा फोन आला, “काकू, ती नक्षी तुम्हाला वाचता आली होय?”

कळवायचा अर्ज असा लिहा, यापेक्षा लांब नको: “आपल्या ठाण्याकडील अकस्मात मृत्यू क्र. अमुक मधील मयताचे वर्णन, तमुक ठाण्याकडील मिसिंग क्र. अमुक मधील इसमाशी खालील बाबतींत जुळते असे वाटते: एक, दोन, तीन. न जुळणारी बाब: एक. कृपया पडताळणी व्हावी.” खाली नाव, पत्ता, फोन. निष्कर्ष लिहायचा नाही, संशयिताचं नाव तर नाहीच. दोन प्रती काढायच्या, एक बारनिशीला, म्हणजे आलेलं टपाल घेणाऱ्या टेबलावर, द्यायची आणि दुसरीवर शिक्का मारून पोच घ्यायची. शिक्का सापडत नाही म्हणाले तर बसून राहायचं. सापडतो.